अवुनु, बेड, नक्को

मेचा शेवटचा आठवडा.
अक्कलकोट रोड एमआयडीसी, पत्र्याखाली चव्वेचाळीस,
आणि डब्लिनहून मेल:
गुरुवारी आमच्याकडे मतदान आहे,
तोवर ऑर्डर थांबवा.
इंग्रजी जमतं म्हणून मेल मी वाचतो,
एरवी मी पॅकिंगचा सुपरवायझर,
टॉवेलांच्या घड्या मोजणारा.

'निवडणूक हाय काय बे त्यांची?' दस्तगीरनं विचारलं.
निवडणूक नाही. करार आहे एक.
सरकारांनी मिळकतीबाहेर खर्च करायचा नाही
असं युरोपातल्या बऱ्याच देशांनी मिळून लिहिलंय,
आणि या एका देशात
लोकांनाच विचारतायत, मानायचा का?

'लोकांना विचारतायत?'
इरय्या मास्तरांच्या हातात धोटा तसाच राहिला.
कराराचं त्यांना काही नव्हतं,
विचारण्याचंच नवल.
राजमोगली म्हणाला, 'आमच्या पतसंस्थेतबी विचारतात की.
ठराव वाचायच्या आधीच मागनं ओरडतात,
मंजूर! मंजूर!
मग बुंदीचं पाकीट आणि स्टीलचा डबा.'

सुट्टीत कडक भाकरी मोडत नरसम्मा म्हणाली
(रात्री घरी ती विड्या वळते,
हजाराला किती पान आणि किती तंबाखू, तोंडपाठ):
'बरोबरच हाय त्यांचं.
अंथरूण बघून पाय पसरावं माणसानं.'

मास्तर उसळलेच.
'चाळीस वर्षं चादरी विणल्या मी.
साठ बाय नव्वद.
कुणाचे पाय केवढे,
कधी कुणी सांगितलं मला?
माप वरनं येतंय.
पाय मागनं येतात.'

कुणी लगेच बोललं नाही.
पंखा गरम हवा ढवळत राहिला,
कुणाच्या तरी केसात कापसाचा तूस
उडत नव्हता, बसतही नव्हता.

मग दस्तगीरच म्हणाला, आपणबी घेऊ मतदान.
रंगाच्या ड्रमचं झाकण मध्ये ठेवलं.
हो असेल तर पांढरं लेबल,
नाही तर रिकामी कांडी.
गुप्त ठेवायचं ठरलं होतं,
पण नरसम्मा टाकतानाच म्हणाली 'अवुनु',
मास्तर कन्नडात 'बेड',
दस्तगीर 'नक्को', तेही दोनदा,
म्हणून त्याची एक कांडी परत काढली.
एकोणीस लेबलं, एकवीस कांड्या,
आणि शेंगेचं एक टरफल.
ते कुणाचं मत,
शेवटपर्यंत कळलं नाही.
(माझं नव्हतं. मी टाकलंच नाही काही,
मी मोजणारा.)

शनिवारी मेल आला.
तिकडे हो जिंकलं. शंभरात साठ.
निम्मे लोक तर आलेच नव्हते.
'दिवसपाळी असंल,' राजमोगली म्हणाला,
अगदी शेजारच्या गल्लीतल्यांबद्दल बोलावं तसं.

मेलमध्ये खाली आणखी एक ओळ होती.
ऑर्डर पक्की. रंग तोच, माप तेच,
फक्त हॉटेलवाले हात आखडता घेतायत, तेव्हा
साडेपाचशेऐवजी साडेचारशे ग्रॅमचा माल करा.

मंगळवारी नवा नमुना मागावरून उतरला.
नरसम्मानं एका तळव्यावर जुना ठेवला, एकावर नवा.
पंचविसाच्या कट्ट्यात एक विडी कमी असली
तरी तिच्या बोटांना कळते,
तिला काट्याची गरज नव्हती.
डोळे मिटून उभी राहिली थोडा वेळ.
मग हळूच, मास्तरांना ऐकू जाणार नाही असं,
'माझं लेबल व्हतं की त्यात.
आपलं मोजलं नसंल ना त्यांनी?'

नाही म्हणालो मी.
तिनं मान हलवली, पटल्यासारखी नाही,
आणि चार डझन भरून झाल्यावर
खोक्यात वीतभर जागा उरली
तेव्हा विचारलं,
'इथं रद्दी भरू, का तसंच पाठवायचं?'